जीभ पाहिली, दात राहिले

अष्टविध परीक्षेतील जिव्हापरीक्षा आपण सर्व वैद्य नित्यनेमाने करतो. रुग्ण समोर बसला, नाडी पाहून झाली, की "जीभ दाखवा" हे शब्द आपोआप मुखावाटे बाहेर पडतात. साम की निराम हे ठरते, रुग्णपत्रिकेत तशी नोंद होते आणि रुग्ण तोंड मिटतो. या चार-पाच सेकंदांत जिभेच्या सभोवार उभे असलेले दात आणि हिरड्या आपल्या दृष्टीसमोरच असतात. परंतु आपण ते पाहत नाही. प्रस्तुत लेख या न पाहण्याविषयी आहे, आणि तो लिहिण्याचा मला काही अधिकार असलाच, तर तो माझ्या हातून घडलेल्या चुकीने दिलेला आहे.

सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी गेली एकोणीस वर्षे व्यवसाय करीत आहे. अठ्ठेचाळीस वर्षे वयाच्या, शेतात राबणाऱ्या एक मावशी माझ्याकडे अम्लपित्त आणि गुडघेदुखीसाठी चार वर्षे येत होत्या. एकदा त्यांनी उजव्या बाजूच्या खालच्या दाढेत कळा येत असल्याचे सांगितले. रात्री ठणका लागतो, गार पाणी सोसवत नाही, अशी तक्रार होती. मी लवंगतेलाचा बोळा ठेवण्यास सांगितला, त्रिफळाक्वाथाच्या गुळण्या, दशनसंस्कार चूर्ण आणि गंडूषासाठी इरिमेदादि तेल दिले. आठवड्याने त्या आल्या तेव्हा वेदना पूर्ण थांबली होती. 'उपशय' अशी नोंद मी समाधानाने केली. ती पत्रिका आजही माझ्याजवळ आहे.

पाच महिन्यांनंतर त्यांच्या मुलाचा दूरध्वनी आला. आईचे गालफड व हनुवटीखालचा भाग सुजून दगडासारखा कठीण झाला होता, ज्वर होता, तोंड उघडत नव्हते, थुंकीही गिळवत नव्हती. मिरजेला नेऊन त्याच रात्री गळ्यावर छेद देऊन पू काढावा लागला. श्वास कोंडण्याची वेळ अगदी जवळ आली होती, असे तेथील शल्यचिकित्सकांनी सांगितले. रक्तातील साखर तेव्हा प्रथमच तपासली गेली, ती ३०० च्या वर होती. म्हणजे ज्या रुग्णेला मी चार वर्षे पाहत होतो, तिचा प्रमेह मला ठाऊक नव्हता. मी भेटावयास गेलो तेव्हा त्यांनी कसलाही दोष दिला नाही. एवढेच म्हणाल्या, "डॉक्टर, जीभ तर मी दर बारीला दावत हुते की तुमास्नी."

घरी येऊन जुन्या पत्रिका काढल्या. चार वर्षांत सव्वीस भेटी. सव्वीस वेळा जिव्हेची नोंद, आणि दातांची एकदाही नाही. दाढ दुखत होती त्या दिवशीसुद्धा मी दाढेकडे पाहिल्याची नोंद नाही. रुग्णेने बोट दाखविले आणि मी औषध लिहिले.

वेदना थांबली याचा अर्थ काय होता, हे नीट समजून घेणे आवश्यक आहे, कारण आपल्यापैकी अनेकांची फसगत येथेच होते. दाताच्या वरच्या कठीण कवचात नसा नाहीत. तेथे कीड लागते तेव्हा रुग्णाला काहीच कळत नाही. प्रथम हिरडीलगत किंवा दाढेच्या खाचेत खडूसारखा पांढरा, निस्तेज डाग दिसतो; या अवस्थेत योग्य काळजी घेतली तर कवच पुन्हा सावरू शकते. नंतर तो तपकिरी होतो, खळगा पडतो, आतील थर उघडा पडला की गार-गोड लागल्यावर दात शिवशिवतात. कीड दाताच्या गाभ्यापर्यंत पोहोचली की खरी वेदना सुरू होते. हा गाभा चारही बाजूंनी कठीण भिंतींत बंदिस्त आहे. शोथ झाला तरी त्याला फुगावयास जागा नाही. म्हणून ठणका भयंकर असतो, आणि म्हणूनच रक्तवाहिन्या दाबल्या जाऊन गाभा लवकर मरतो. गाभा मेला की वेदना थांबते. रुग्ण म्हणतो गुण आला, वैद्य म्हणतो उपशय झाला, आणि संसर्ग मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडात उतरत राहतो. खालच्या मागील दाढांची मुळे जबड्याच्या आतील बाजूस इतकी खोल जातात की तेथील पू तोंडात न येता हनुवटीखाली आणि गळ्यात पसरू शकतो. मावशींच्या बाबतीत नेमके तेच झाले. लवंगतेलाने वेदना काही काळ बधिर केली असेल, परंतु ती कायमची थांबली ती लवंगेमुळे नव्हे.

लवंगतेल वापरू नये असे मला म्हणावयाचे नाही. रात्री अकरा वाजता कळ लागलेल्या रुग्णाला सकाळपर्यंत धीर देण्यास ते उत्तम आहे. मात्र त्या रात्रीनंतर दंतचिकित्सकाकडे जाण्याची चिठ्ठी सोबत नसेल, तर ते औषध राहत नाही, झाकण होते.

यात शास्त्राची उणीव होती असे कोणी समजू नये. सुश्रुताचार्यांनी मुखरोग पासष्ट सांगितले. त्यांपैकी दंतमूलगत पंधरा आणि दंतगत आठ. कृमिदंताच्या वर्णनात काळेपणा, छिद्र, हलणे, स्राव, शोथ यांबरोबरच कारणावाचून उठणारी तीव्र वेदनाही त्यांनी नोंदविली आहे. चिकित्सेत न हलणारा आणि हलणारा असा भेद करून, हलणारा कृमिदंत उपटून ती जागा दग्ध करावयास सांगितली आहे. म्हणजे लेप-गंडूषांनी काय साधते आणि कोठे शस्त्र-अग्नीला शरण जावे, याची सीमा त्यांनी आखून दिली होती. दंतशर्करा हिरडीच्या मुळांना इजा न करता खरवडून काढावी, हेही सुश्रुतांचेच सांगणे. आणि वाग्भटांनी त्यासाठी दंतलेखन नावाचे स्वतंत्र शस्त्र वर्णिले आहे. आज दंतचिकित्सक दात 'स्वच्छ' करतो तेव्हा तो हेच कर्म करीत असतो. तरीही आपल्याकडे येणारा रुग्ण विचारतो, "दात घासून घेतले की ढिले होतात ना?" आणि आपल्यातील काही जण मान डोलावतात. वस्तुस्थिती अशी की हिरडी आधीच खाली सरकलेली असते आणि त्या पोकळीत शर्करेचा थर भिंतीसारखा भरलेला असतो. तो निघाला की मूळची पोकळी उघडी दिसते, काही दिवस दात शिवशिवतात, आणि दोष खरवडणाऱ्याच्या माथी येतो. दाढ काढल्याने डोळे अधू होतात ही समजूतही अजून गावोगाव जिवंत आहे. 

एकदा कठीण झालेली शर्करा कोणत्याही मंजनाने, क्वाथाने वा तेलाने निघत नाही, हे आपण रुग्णाला स्पष्ट सांगितले पाहिजे. गंडूष-कवलाने मुखाला स्निग्धता येते, दुर्गंधी कमी होते, कोमल हिरडीला बरे वाटते. मी ते नित्य सांगतो आणि स्वतः करतो. परंतु शर्करेवर तेल धरणे म्हणजे शल्य आत ठेवून व्रणावर लेप देण्यासारखेच होय.

आता प्रमेहाविषयी. माधवनिदानात प्रमेहाच्या पूर्वरूपांमध्ये दात इत्यादींच्या ठिकाणी मलाचा संचय सांगितला आहे; तळहात-तळपायांचा दाह, तृष्णा, मुखमाधुर्य ही लक्षणे त्याच्या जोडीने येतात. परीक्षेसाठी हे आपण सर्वांनी पाठ केले होते. पुढे व्यवसायात दाह विचारतो, तृष्णा विचारतो. दातांवरील मल मात्र विचारून कळत नाही, तो पाहावाच लागतो, म्हणून तो राहून जातो. आधुनिक संशोधनाने हा संबंध दोन्ही दिशांनी असल्याचे दाखविले आहे. मधुमेहात हिरड्यांचा रोग अधिक होतो व लवकर वाढतो, आणि हिरड्यांत सतत पू असला तर साखर आटोक्यात ठेवणे कठीण जाते. ज्या प्रमेही रुग्णाची साखर पथ्य आणि औषध सांभाळूनही उतरत नाही, त्याच्या हिरड्या एकदा पाहाव्यात. आणि चाळिशीतील ज्या व्यक्तीचे दात कीड नसताना हलू लागले आहेत, हिरड्यांतून वारंवार पू येतो, तिची साखर त्याच दिवशी तपासावी. मावशींच्या बाबतीत मी चार वर्षे ज्या प्रमेहाकडे दुर्लक्ष केले, त्याची खूण त्या दर भेटीला तोंड उघडून मला दाखवीत होत्या.

हिरड्यांच्या रोगाची चढण आपल्याकडे फार स्पष्ट दिलेली आहे. शीतादात हिरड्यांतून अकस्मात रक्त येते, त्या मऊ, काळपट, दुर्गंधी होऊन झडू लागतात. दंतवेष्टात पू व रक्त वाहते आणि दात हलतात. उपकुशात दाह, पाक आणि पुन्हा दातांचे हलणे. ज्या अवस्थेत केवळ रक्त येते आणि दात भक्कम आहेत, तेथे शर्करा काढून नीट दंतधावन सुरू केले तर हिरडी पूर्ववत होऊ शकते. हाड एकदा झिजले की ते सहसा परत भरून येत नाही. तेथे आहे ते टिकविणे एवढेच हाती राहते. म्हणून दात घासताना रक्त येते का, पेरूचा किंवा उसाचा घास घेतल्यावर त्यावर तांबडा डाग दिसतो का, हा प्रश्न मी आता प्रत्येकाला विचारतो. उत्तर होकारार्थी आले की रुग्ण बहुधा पुढे म्हणतो, "रक्त येतं म्हणून त्या बाजूला घासतच नाही." त्यामुळे नेमक्या त्याच बाजूला मल साचून रोग वाढतो. गर्भिणींच्या हिरड्या या काळात अधिक सुजतात व रक्त देतात. गरोदरपणात असे चालायचेच म्हणून त्यांना परत पाठवू नये.

दंतधावनाविषयी आपण समाजाला पुष्कळ सांगतो, परंतु काय सांगतो हे एकदा तपासून पाहावे. चरकाचार्यांनी दोन वेळा दंतपवन सांगितले आणि हिरड्यांना बाधा होऊ नये ही अट घातली. वाग्भटांनी सकाळी व भोजनानंतर असे काळ देऊन काडीचे अग्र मृदू असावे म्हटले. आपण निंब, खदिर, करंज यांची नावे सांगतो आणि या दोन गोष्टी गाळतो. रात्री दात घासणारी किती घरे आपल्या परिचयात आहेत? आणि घासण्याचे साधन काय, तर काळी राखुंडी, कोळसा, मीठ, जाडेभरडे मंजन. हिरडी घासली जाऊन शोथ येणे व दात हलणे याला सुश्रुतांनी वैदर्भ हे नाव दिले आणि तो अभिघातज सांगितला. दातांच्या मानेशी पडलेल्या खोल खाचा पाहिल्या की हा शब्द आठवतो. आपण स्वतः तयार केलेले चूर्ण वस्त्रगाळ असलेच पाहिजे; बोटांच्या चिमटीत खर लागत असेल तर ते दातांसाठी नव्हे.

मशेरीविषयी सौम्य लिहिणे मला जमणार नाही. भाजलेल्या तंबाखूची ही पूड आमच्या भागातील स्त्रिया दात घासण्याच्या नावाखाली दिवसातून चार-चार वेळा लावतात, आणि ती दातांसाठी चांगली असे मानतात. तंबाखूमुळे हिरडीतील रक्तपुरवठा आक्रसतो, त्यामुळे रक्त येणे कमी होते. रुग्णेला वाटते हिरडी घट्ट झाली. आतून हाड झिजत असतेच. येथे आपल्या शास्त्राच्या नावाला लागलेला एक डागही सांगितला पाहिजे. तंबाखू घातलेली दंतमंजने एकेकाळी आयुर्वेदीय औषध म्हणून विकली जात. केंद्र सरकारने १९९२ मध्ये दंतमंजनांत व टूथपेस्टमध्ये तंबाखू वापरण्यास बंदी केली, आणि ती बंदी १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली. घरच्या तव्यावर भाजलेल्या मशेरीला कायदा पोहोचत नाही. तेथे वैद्यच पोहोचू शकतो. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी तोंडात तीन बोटे उभी न मावणारे तरुण माझ्याकडे येतात, आणि ते येतात तिखट लागते म्हणून पित्ताचे औषध मागावयास.

आपल्या औषधांकडेही थोडे पाहावे. बालकांना आपण सितोपलादि मधातून देतो, च्यवनप्राश देतो, अरिष्टे देतो. कित्येकदा निजण्यापूर्वी देतो. मध आणि साखर दातांना चिकटून रात्रभर राहते, झोपेत लाळ कमी असते, आणि आसव-अरिष्टे गोड असून आम्लही आहेत. औषधानंतर पाण्याने खळखळून चूळ भरावी, एवढी सूचना लिहावयास जागा किती लागते? मी ती गेल्या काही वर्षांपूर्वीपर्यंत कधी लिहिली नव्हती. दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या बालकाचे वरचे पुढील दात काळे पडलेले पाहून आपण आईला बोलतो, आणि आपल्या चाटणाविषयी काही बोलत नाही.

बालकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट, जी मला स्वतःला पालक झाल्यावर एका दंतचिकित्सक मित्राने सांगितली. साधारण सहाव्या वर्षी दूधदाढांच्या मागे चार नव्या दाढा येतात. त्या कोणताही दूधदात न पडता येतात, म्हणून आई-वडील त्यांना दूधदाढच समजतात. कीड लागली तरी "पडणारच आहे" म्हणून सोडून देतात. त्या कायमच्या असतात. मुलगा दहा-बारा वर्षांचा होईतो त्या पोखरून गेलेल्या असतात. सहा-सात वर्षांचे मूल ज्वरासाठी वा जंतांसाठी आले, तरी सर्वांत मागची दाढ पाहून पालकांना हे सांगण्यास अर्धा मिनिट पुरतो. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्यात तपासावयाच्या विकारांत दातांची कीड आहे, आणि फिरत्या पथकांत आयुष पदवीधर नेमलेले आहेत. म्हणजे अंगणवाडी आणि शाळेतील मुलांचे दात पाहण्याचे काम शासनाने आपल्याच पदवीधरांकडे सोपविले. त्या पथकांतील आपले बंधू-भगिनी ते करीतही आहेत. मग चिकित्सालयात बसलेल्या आपल्याला त्याचे वावडे का असावे?

नोव्हेंबर २०२० मध्ये तत्कालीन भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषदेने शल्य व शालाक्य या विषयांच्या पदव्युत्तर पदवीधरांच्या शल्यकर्मांची यादी राजपत्रात प्रसिद्ध केली, तेव्हा केवढे वादळ उठले होते. दातांवरील कर्मे कोणी करावीत यावर आपल्या सभांमधूनही आवेशपूर्ण भाषणे झाली. मीही टाळ्या वाजविल्या. दात उपटण्याच्या अधिकारासाठी आपण इतके जागरूक असतो, आणि दात पाहण्याचे जे कर्तव्य आपल्यापासून कोणी कधी हिरावून घेतलेच नाही, ते करीत नाही. माझ्यासारख्या केवळ पदवीधर वैद्याने दाढ उपटू नये, असेच माझे मत आहे. त्याने ती पाहावी, ओळखावी आणि वेळेत योग्य हाती सोपवावी.

पाहण्यासाठी लागते ते फार थोडे. एक विजेरी, एक जीभ दाबावयाची पट्टी आणि दंतचिकित्सकाचा लहान गोल आरसा. आरसा दर रुग्णानंतर विधिवत निर्जंतुक केलेला हवा. खालच्या पुढील दातांची आतील बाजू प्रथम पाहावी, कारण लाळेच्या वाहिन्या तेथे उघडतात व शर्करा तेथेच आधी जमते. मग ओठ व गाल बाजूस सारून हिरडीची कड. कवळी असेल तर ती काढावयास लावावी. दुखऱ्या दातावर पट्टीच्या टोकाने हलके ठोकले असता कळ उठली, किंवा गार पाण्याने आलेली वेदना पाणी काढल्यावरही रेंगाळली, तर चूर्ण देऊन थांबू नये. दोन-तीन आठवड्यांत न भरलेला व्रण, न पुसला जाणारा पांढरा वा लाल चट्टा, हे तर लगेच पाठवावेत. जिभेखालचा भाग उचललेला दिसला, गिळता येत नसेल, ज्वर असेल, तर दुसऱ्या दिवसाचीही वाट पाहू नये; तेथे रुग्णालयच.

अडचण आहे ती रुग्ण पाठविण्याची. आपण पाठविलेला रुग्ण परत येत नाही, ही भीती आपल्या मनात असते. ती मोकळेपणाने मान्य करू. माझा अनुभव वेगळा आहे. गावातील दंतचिकित्सकाशी मी बोललो. मी चिठ्ठीत काय पाहिले ते लिहितो, ते उलट चिठ्ठीत काय केले ते लिहितात. गेल्या वर्षी त्यांनीही हिरड्यांचे तीन रुग्ण "साखर पाहून घ्यावी" म्हणून माझ्याकडे धाडले. खर्चामुळे जे खाजगी दवाखान्यात जाऊ शकत नाहीत, त्यांना जवळच्या शासकीय रुग्णालयात दातांचा विभाग कोणत्या दिवशी चालतो, हे मी विचारून भिंतीवर लावून ठेवले आहे.

आपल्या संघटनेच्या वतीने सदस्यांसाठी जी छापील रुग्णपत्रिका दिली जाते, तीत 'जिव्हा' या ओळीनंतर थेट 'शब्द' येते. क्रम शास्त्रोक्त आहे याविषयी वाद नाही. तथापि पुढील छपाईच्या वेळी जिव्हेच्या खाली 'दंत' आणि 'दंतमांस' अशा दोन ओळी घालाव्यात, अशी माझी कार्यकारिणीस नम्र विनंती आहे. कोरी ओळ दिसली की हात ती भरतो, आणि भरावयाची तर पाहावे लागते. माझ्याजवळ जुन्या पत्रिकांचा साठा शिल्लक असल्याने मी तूर्त या दोन ओळींचा रबरी शिक्का करून घेतला आहे. ज्या सदस्यांना त्याचा नमुना हवा असेल त्यांनी कळवावे, मी तो टपालाने पाठवीन.